अशी व्यक्ती असणे संभवत नाही

त्या काळी माणसाला स्वभाव असे, व्यक्तिमत्त्व नसे. व्यक्तिमत्त्व हे फक्त मोठ्या लोकांना असायचं आणि तेसुद्धा बहुतेक ते वारल्यावर, शोकसभेत. बाकीच्यांचं भागत होतं. अमका तापट, तमका चिकट, अमकीचं तोंड वाईट पण मन चांगलं, एवढ्यावर लग्नं जमत, भांडणं मिटत आणि नोकऱ्याही लागत. म्हणून बस कंपनीच्या सूचना फलकावर 'सर्व कर्मचाऱ्यांच्या व्यक्तिमत्त्वाची चाचणी घेण्यात येईल' असं परिपत्रक लागलं, तेव्हा निम्म्या लोकांना ते रक्ताच्या तपासणीसारखं काहीतरी वाटलं आणि दोन ड्रायव्हर त्या दिवशी उपाशीपोटी कामावर आले.

छत्रीकाकांनी ते परिपत्रक तीन वेळा वाचलं. छत्रीकाका म्हणजे बस कंपनीच्या हरवलेल्या वस्तूंच्या विभागाचे प्रमुख. विभागात दुसरं कोणी नसल्यामुळे ते विभागाचे शेवटचे कारकूनही होते. डेपोच्या मागच्या अंगाला, टायरांच्या गोदामाला लागून त्यांची खोली होती. तीन भिंतींना छतापर्यंत फळ्या, चौथ्या भिंतीला खिडकी, खिडकीपाशी टेबल, टेबलावर जाडजूड नोंदवही. छत्र्यांचा मान पहिला. त्या एका मोठ्या पिंपात उभ्या असत. मग डबे, चष्मे, पिशव्या, कवळ्या आणि एकेकटे बूट. एकच बूट घालून माणूस बसमधून उतरतो आणि घरी पोचेपर्यंत त्याला पत्ता लागत नाही, हे कसं घडतं याचा विचार छत्रीकाका बावीस वर्षं करत होते.

खरं म्हणजे माणसांबद्दलचं एक शास्त्र त्यांनी त्या खोलीत स्वतःपुरतं तयारही केलं होतं. छत्री विसरणारा आशावादी. पाऊस एकदा थांबला म्हणजे पुन्हा यायचा नाही असं तो धरून चालतो. डबा विसरणारा सुखी, कारण घरी त्याला रागावणारं कोणीतरी आहे. चष्मा विसरणारा हट्टी, त्याला आपल्याला दिसतं असं वाटत असतं. आणि काहीच न विसरणाऱ्या माणसाशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता, त्यामुळे अशा माणसाबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं.

परिपत्रकातली मेख चौथ्या कलमात होती. नव्या साहेबांनी ठरवलं होतं की प्रत्येकाला त्याच्या व्यक्तिमत्त्वाप्रमाणे काम द्यायचं. जे बोलके, मनमिळाऊ, माणसांत रमणारे ठरतील त्यांची बदली तक्रार खिडकीवर. जे अबोल, आपल्यातच राहणारे, त्यांना वस्तू, वह्या आणि गोदामं. तक्रार खिडकीचं नाव आलं तिथपासून छत्रीकाकांनी ते कलम पुन्हा वाचलं. त्या खिडकीवर माणसं चिडून यायची आणि आणखी चिडून जायची. त्यांच्या खोलीत उलटं होतं. माणूस पडेल चेहऱ्याने यायचा आणि हसत जायचा. निवृत्तीला सात वर्षं उरली होती, आणि ती सात वर्षं त्यांना ह्याच खोलीत काढायची होती. दुसरं काही नको होतं.

"काळजीचं कारण नाही," त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं. "मी मूळचाच अबोल."

काकूंच्या हातातली परात खाली पडली.

"कोण अबोल?"

"मी."

"तुम्ही? अहो, मागच्या महिन्यात दात काढायला गेलात तेव्हा त्या डॉक्टरांनी दात राहू दे, आधी तोंड मिटा म्हणून हात जोडले होते!"

"ते कामापुरतं बोलणं. मनातून मी अबोल आहे."

"मग बाहेरून कोण बोलतं एवढं?"

छत्रीकाका दुखावले. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या संसारात आपल्याला आपली बायको ओळखतच नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं. ते तडक शेजारच्या मास्तरांकडे गेले. मास्तर निवृत्त मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर त्यांच्या ज्ञानाला गिऱ्हाईक उरलं नव्हतं, त्यामुळे कोणी नुसतं किती वाजले विचारलं तरी ते घड्याळाच्या शोधापासून सुरुवात करत. त्यांच्याकडे मानसशास्त्राचं एक जुनं पुस्तक होतं. त्याची पहिली आणि शेवटची पानं गेली होती, पण मास्तर म्हणाले, शास्त्र मधेच असतं.

"हे बघा, मतं अनेक आहेत," मास्तरांनी चष्मा चढवला. "प्राचीन लोक म्हणत, शरीरात चार रस असतात. जो रस जास्त तसा माणूस. तुमच्यात कोणता जास्त आहे?"

"कसं कळणार?"

"तेच तर. म्हणून पुढे लोकांनी ते सोडून दिलं. मग एकाने मांडलं की स्वभाव बांध्यावर असतो. सडपातळ माणूस एकलकोंडा, पिळदार माणूस धाडसी, आणि गोल माणूस..." मास्तरांनी पुस्तकावरून छत्रीकाकांच्या पोटाकडे पाहिलं. "गोल माणूस आनंदी, खाण्यापिण्याचा शौकीन, गप्पिष्ट."

मास्तरांनी सुतळी आणून माप घेतलं. सुतळी पुरली नाही. पोटाच्या हिशेबाने छत्रीकाका सरळ तक्रार खिडकीत बसत होते. चाचणीला तीन आठवडे होते. तेवढ्यात जमेल तितकं एकलकोंडं होण्यासाठी मास्तरांनी अर्धं जेवण आणि रोज पहाटे तासभर चालणं हा उपाय सांगितला.

जेवण अर्धं करण्याचा बेत काकूंनी पहिल्याच पंगतीला हाणून पाडला. चालणं मात्र सुरू झालं. आता पहाटे रस्त्याने चालणाऱ्या माणसाला समोरून येणाऱ्या माणसाकडे बघून नुसतं पुढे जाता येतं का? छत्रीकाकांना येत नसे. "काय, आज उशीर?" एवढं तरी विचारावं लागतंच, आणि विचारलं की उत्तर ऐकावं लागतं. आठ दिवसांत दूधवाला, पेपरवाला, दोन निवृत्त कंपाउंडर आणि कुत्र्याला फिरवणाऱ्या एक बाई असा सगळा घोळका त्यांच्याबरोबर चालू लागला. त्यांचा एक संघ निघाला आणि छत्रीकाका एकमताने त्याचे अध्यक्ष झाले. पोट होतं तिथेच राहिलं.

मास्तरांनी दुसरं पान उघडलं. त्यात लिहिलं होतं की माणसाचं सगळं बालपणातच ठरून जातं. छत्रीकाकांनी लगेच दूरच्या गावी असलेल्या थोरल्या बहिणीला पत्र टाकलं: 'ताई, मी लहानपणी कसा होतो, ते सविस्तर कळव. सरकारी कामासाठी हवं आहे.' ताईचं उत्तर उलट टपाली आलं. 'तू रडका होतास. तुला कोणी खेळायला घेत नसे म्हणून मीच घेत असे. माझी लाकडी बाहुली तू विहिरीत टाकलीस, ती अजून मिळालेली नाही. सरकारला हेही कळव.' पत्र वाचून छत्रीकाकांनी ते घडी करून नोंदवहीत ठेवलं. एवढ्या वर्षांत त्या बाहुलीची नोंद कुठेच झाली नव्हती.

शेवटचा उपाय मौनाचा. अबोल माणसाच्या चाचणीची तयारी अबोलपणानेच व्हावी, हे मास्तरांचं म्हणणं तर्काला धरून होतं. एका रविवारी छत्रीकाकांनी तोंड मिटलं आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा जवळ ठेवला. 'मीठ दे.' 'मीठ कमी आहे.' 'मीठ कमी आहे हे मी तक्रार म्हणून नव्हे तर माहितीसाठी लिहीत आहे.' 'समोरच्यांच्या खिडकीची काच फुटलेली दिसते. कशी फुटली असेल याविषयी माझे तीन अंदाज आहेत. मागे पहा.' दुपारपर्यंत एकेचाळीस चिठ्ठ्या झाल्या आणि काकूंचं कुठलंच काम पुढे सरकेना.

"अहो, तुम्ही बोला," त्या शेवटी हात जोडून म्हणाल्या. "बोललात तर निदान मला हात मोकळे राहतील. वाचायला चष्मा किती वेळा लावू?"

अशी सगळी तयारी होऊन चाचणीचा दिवस उजाडला. ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत सगळ्यांना ओळीने बसवलं आणि दोनशे प्रश्नांची पुस्तिका दिली. प्रत्येकापुढे 'होय' आणि 'नाही'. सूचनेत लिहिलं होतं: 'जे मनात येईल ते लिहा. बरोबर किंवा चूक उत्तर नसते.' छत्रीकाकांनी ते वाचलं आणि मनात हसले. नोकरीत असली वाक्यं त्यांनी खूप पाहिली होती. कार्यालयात कागदावर सही करायची म्हणजे तो फायलीला लागणार, आणि फायलीला लागणाऱ्या कागदावर मनात येईल ते लिहायला ते काल नोकरीला लागलेले नव्हते.

'मला कधी कधी राग येतो.' नाही. 'मी आयुष्यात कधी तरी खोटे बोललो आहे.' नाही. 'मी कधी कधी आजचे काम उद्यावर टाकतो.' मुळीच नाही. 'कोणाच्या पाठीमागे त्याच्याबद्दल वाईट बोललो आहे.' नाही. 'मला भेटणारी सर्व माणसे आवडतात.' इथे त्यांना नवे साहेब आठवले, पण पुस्तिका साहेबांकडेच जाणार होती. होय. दोनशे उत्तरं झाल्यावर त्यांनी खाली 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे' असं लिहून सही केली आणि सवयीने खिशातला शिक्का काढून उमटवला: हरवलेल्या वस्तू विभाग.

पंधरा दिवसांनी आस्थापना विभागातल्या हजेरीबुवांनी त्यांना बोलावलं. सगळ्या कंपनीची हजेरी ठेवणारा हा गृहस्थ स्वतःच्या सावलीकडूनही सही घेतल्याशिवाय तिला आत येऊ देत नसे. त्याच्या हातात निकालाचा कागद होता.

"तुमचं जरा अवघड झालंय," हजेरीबुवा म्हणाले. "इथे शेरा आहे. 'दिलेल्या उत्तरांवरून अशी व्यक्ती अस्तित्वात असणे संभवत नाही.'"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही नाही आहात."

"अहो, मी तुमच्यासमोर उभा आहे!"

"ते मी बघतोय ना. तुम्ही आहातच. पण कागदावर नाही. आता मस्टरवर तुमची सही घेऊ कशी?"

छत्रीकाकांचा पारा चढला, पण राग येत नाही असं नुकतंच लिहून दिलेलं असल्यामुळे त्यांना तो दाखवता येईना. बऱ्याच ऊहापोहानंतर हजेरीबुवांनी वाट काढली. कर्मचारी प्रत्यक्षात आहे, असा दाखला विभागप्रमुखाने दिला तर चालेल. विभागप्रमुख छत्रीकाकाच. त्यांनी खोलीत जाऊन 'सदर इसम माझ्या रोजच्या पाहण्यात असून तो आहे' असा दाखला लिहिला आणि आणून दिला. हजेरीबुवांनी तो वाचून परत केला.

"जो नाही त्याची सही कशी चालेल?"

तीन दिवस छत्रीकाका कामावर येत होते, छत्र्या परत करत होते आणि मस्टरवर त्यांच्या नावापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह पडत होतं. डेपोत बातमी पसरली. कँटीनवाल्याने त्यांचा चहा शेजारच्या माणसासमोर ठेवला आणि म्हणाला, "तुम्ही नसता ना हल्ली?" छत्रीकाका ओशाळून हसले. घरी मात्र त्यांना जेवण गेलं नाही. माणूस साधा असला म्हणून काय झालं, आपण आहोत एवढं तरी त्याला गृहीत धरता यायला हवं.

चौथ्या दिवशी चाचणी घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्यांना भेटीला बोलावलं. बाई तिशीच्या, शांत, बारीक आवाजाच्या. त्यांना बसायला ड्रायव्हरांचे डोळे तपासायची खोली दिली होती. मागे भिंतीवर लहान लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता होता. बाईंनी एक पुठ्ठा पुढे ठेवला. त्यावर शाईचा मोठा डाग होता, डावी-उजवी बाजू सारखी.

"यात तुम्हाला काय दिसतं?"

छत्रीकाकांनी पुठ्ठा उचलला, उलटा केला, मागे बघितलं, वास घेतला. मग त्यांच्या तोंडून बावीस वर्षांची सवय बोलली. त्यांच्या खोलीचा पहिला नियम होता: वस्तू समोर असली तरी तिचं वर्णन आपण करायचं नाही. वर्णन मागायला आलेल्याने करायचं, नाही तर कोणीही येऊन कोणाचीही छत्री घेऊन जाईल.

"आधी तुम्ही सांगा," ते म्हणाले.

"मी?"

"वस्तू तुमची आहे ना? तुम्ही वर्णन करा. जुळलं तर मी हो म्हणतो."

बाईंना हसू आलं. त्यांनी दुसरा पुठ्ठा ठेवला, तिसरा ठेवला. छत्रीकाकांनी वही काढून नोंदी केल्या: 'डाग, काळा, नग एक, मालकाचा पत्ता नाही.' चौथा पुठ्ठा ठेवताना बाई कंटाळून स्वतःशीच म्हणाल्या, "मला तर यात नेहमी दोन बायका दिसतात. शिवणयंत्रावर वाकलेल्या."

"यंत्र हाताचं की पायाचं?" छत्रीकाकांनी लगेच विचारलं.

"पायाचं. आईचं होतं."

"आणि दुसऱ्या बाई?"

"मावशी. दोघी मिळून शिवायच्या. मी खाली बसून चिंध्या गोळा करायची. पायपट्टीला एक खिळा निघालेला होता, त्याला माझा फ्रॉक अडकायचा..."

"कुठे राहिलं ते यंत्र?"

बाई थांबल्या. मग सांगू लागल्या. घर बदललं, यंत्र कोणाला तरी देऊन टाकलं, तेव्हा त्या परीक्षेत होत्या, आईला काही विचारायचं राहून गेलं. आता आईही नाही. छत्रीकाका मान हलवत ऐकत होते आणि मधूनच "सुयादोऱ्यांची डबी लाकडी की पत्र्याची?" असं विचारत होते, कारण वर्णन जितकं बारीक तितकी वस्तू सापडायची आशा जास्त. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं तेव्हा सव्वा तास झाला होता. त्यांनी डोळे पुसले आणि समोरच्या कोऱ्या कागदाकडे पाहिलं. छत्रीकाकांबद्दल त्यावर एक ओळ नव्हती.

"असं माझं कधी झालं नव्हतं," बाई म्हणाल्या. "तुमची लेखी चाचणी बाद, आणि ही तर माझीच झाली. आता नियमाप्रमाणे एकच मार्ग राहतो. जवळच्या व्यक्तीने भरायचा नमुना असतो. तो मी तुमच्या घरी पाठवते. त्यावरच तुमचा निकाल लागेल."

जवळची व्यक्ती म्हणजे काकू, आणि काकूंचं मत तर परात पडली त्या संध्याकाळीच जगजाहीर झालं होतं. नमुना आला त्या दिवसापासून त्यांनी घरात न सांगता पाणी भरलं, पडदे धुतले, एकदा तर काकूंच्या माहेरच्या माणसांबद्दल आपण होऊन चांगलं बोलले. काकूंनी नमुना आधी पेन्सिलीने भरला, मग दार लावून घेऊन शाईने गिरवला.

"मला दाखव तरी," छत्रीकाका म्हणाले.

"वर 'गोपनीय' छापलंय," काकू म्हणाल्या आणि पाकिटाला डिंक लावला. छत्रीकाका नोकरदार माणूस. छापील शब्दापुढे त्यांचं काही चालेना.

आठवड्याने बाईंनी पुन्हा बोलावलं. "हे वाचून दाखवायची परवानगी नाही," त्या म्हणाल्या, "पण मीही तुम्हाला आईच्या यंत्राचं सांगितलंय. ऐका."

'ही व्यक्ती बोलकी आहे की अबोल?' या प्रश्नापुढच्या दोन्ही चौकटी काकूंनी कोऱ्या सोडल्या होत्या आणि समासातून सुरू करून कागदाच्या मागे मजकूर नेला होता. बाई वाचू लागल्या.

'बोलके आहेत. पण स्वतःबद्दल बोलत नाहीत. आज कोणाचं काय सापडलं, तेच सांगतात. एक आजोबा हरवलेली कवळी न्यायला आले, ती तिथल्या तिथे लावून आधी हसले आणि मग सही केली, ते मला माहीत आहे. पत्रांचं पुडकं विसरलेल्या मुलीकडे हे स्वतः जाऊन आले आणि पुडक्याची गाठसुद्धा सोडली नाही. एक बासरी चार वर्षं कोणी न्यायला आलेलं नाही, ती हे दर महिन्याला पुसतात. तक्रारीच्या खिडकीत बसवलंत तर तिथेही चांगलं काम करतील. पण लोकांची भांडणं ते घरी आणायचे नाहीत. मग संध्याकाळी गप्प बसतील. यांना गप्प बसलेलं मी एकदाच पाहिलंय, सासूबाई गेल्या तेव्हा, आठ दिवस. तसं घर मला परत नको. बाकीचे प्रश्न मला कळले नाहीत.'

बाईंनी कागद खाली ठेवला. छत्रीकाका खिडकीबाहेर बघत होते. आपण बोलतो तेव्हा ही आपल्या कामात असते, तिचं लक्ष नसतं, हे ते इतकी वर्षं धरून चालले होते. कवळीची गोष्ट तर नऊ वर्षांपूर्वीची होती.

"मी तुम्हाला आहे तिथेच ठेवायची शिफारस करतेय," बाई म्हणाल्या. "चालेल ना?"

त्यांनी नुसती मान हलवली.

आता ती खोली नाही. डेपोही हलला, आणि व्यक्तिमत्त्व तर हल्ली शाळेतल्या पोरांनासुद्धा असतं. पण छत्रीकाकांनी ती सात वर्षं तिथेच काढली. शिफारस झाली त्या दिवशी ते घरी आले तेव्हा काकू स्वयंपाकघरात होत्या, रॉकेलचा स्टोव्ह फरफरत होता. "राहिली खोली," ते म्हणाले. "बरं झालं," काकू म्हणाल्या आणि भाजी चिरत राहिल्या. नमुन्याचं काय झालं ते त्यांनी विचारलं नाही, आणि त्यातला मजकूर आपण ऐकलाय हे छत्रीकाकांनी सांगितलं नाही. ते पाटावर बसले, घसा खाकरला आणि सुरुवात केली, "आज काय झालं, एक बाई आल्या, त्यांचा पिंजरा राहिला होता बसमध्ये, रिकामा..."

काकूंनी हात लांब करून स्टोव्ह बारीक केला. फरफर थांबली. रोज आपण बोलायला लागलो की ही स्टोव्ह बारीक करते, भाजीसाठी नव्हे, हे छत्रीकाकांच्या त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं. ते जरा अडखळले, आणि मग त्यांनी ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली.